सावळाराम अस्वल आणि वारुळाचे कोपरे

एका जंगलात एक माळ होता. जंगलात माळ कसा, असे विचारू नका. होता.

मुलांनो, पाठ सरळ करून बसा. गोष्ट लहान आहे. मध्ये उठायचे नाही.

माळावर गुडघाभर गवत होते. त्या गवतात सगुणाबाई राहत होती. सगुणाबाई म्हणजे माळढोक पक्षीण. उंच मान, डोक्यावर काळी टोपी, चालणे सावकाश. एके काळी तिच्या जातीचे वीस-पंचवीस जण तिथे होते. मग दहा राहिले. मग ती एकटी राहिली. पावसाळ्यात कुठून तरी एक नर येई, चार दिवस गळा फुगवून मिरवे आणि निघून जाई. मग ती वर्षाचे एक अंडे घाली. एकच. या हिशेबाने गर्दी होत नाही.

जंगलाचा राजा सिंह होता. त्याचा दिवाण तरस होता. तरसाला माळाखालचा मुरूम हवा होता. राजवाड्यापर्यंत पक्का रस्ता करायचा होता. राजा रस्त्याने कधी चालत नसे, पण रस्ता हवा असे त्याला सांगण्यात आले होते.

"महाराज, माळ रिकामा आहे," तरस म्हणाला. "खणून घेऊ."

"रिकामा कशावरून?"

"मला कोणी दिसले नाही."

"मी तर आहे!" सगुणाबाई गवतातून म्हणाली. ती दरबाराला नेहमी वेळेवर येत असे.

राजा विचारात पडला. मग त्याने हुकूम काढला. दसऱ्याच्या दरबारात माळाचा फोटो बघायचा. फोटोत कोणी राहताना दिसले, तर माळ तसाच राहील. नाही दिसले, तर खणायला घ्यायचे.

"फोटो कशाला, महाराज? मी समोर उभी आहे."

"समोर कोणीही उभे राहील, बाई," तरस म्हणाला. "पुरावा पाहिजे."

हसू नका. तुमच्याकडेही असेच चालते.

आता जंगलात कॅमेरा एकच होता. तो सावळाराम अस्वलाकडे होता. शहरातला एक माणूस माकडांचे फोटो काढायला आला होता. मागे अस्वल बघून तो कॅमेरा टाकून पळाला. सावळाराम त्याला हाका मारत बांधापर्यंत गेला. माणूस थांबला नाही. मग सावळारामाने कॅमेरा ठेवून घेतला आणि आठ दिवसांत तो चालवायला शिकला. कॅमेऱ्याला एक लहान लेन्स होती. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळते तसली.

बॅटरी कशी चार्ज करत होता, असे मागच्या रांगेतून कोणीतरी विचारणार. त्याने बाहेर जावे.

सगुणाबाई सावळारामाकडे आली. तेव्हा नागपंचमी होऊन गेली होती. दसऱ्याला दोन महिने होते.

"दादा, माझा एक फोटो काढून द्याल?"

"एक कशाला? दहा काढतो," सावळाराम म्हणाला. तो मनाने चांगला होता. हे लक्षात ठेवा. या गोष्टीत वाईट फक्त तरस आहे, आणि त्याला फारसे काही करावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे माळावर गेले. ऊन कोवळे होते. ते सावळारामाच्या पाठीमागून येत होते. सगुणाबाई दहा पावलांवर उभी राहिली. तिने मान उंच केली. मागे माळ, माळाच्या कडेला वारूळ, वर आकाश. सावळारामाने कॅमेरा डोळ्याला लावला. बटणावर नख ठेवले.

"थांब!" वरून आवाज आला.

घार खाली उतरली. ही घार म्हणजे साधी घार नव्हे. ती लेन्स मंडळाची अध्यक्ष होती. तिला सगळे अक्का म्हणत.

"कुठली लेन्स आहे ही?"

"कॅमेऱ्याबरोबर आली ती."

अक्का सगुणाबाईकडे वळली. "आणि तू या लेन्सपुढे उभी राहिलीस? वंशाचा प्रश्न आहे ना तुझ्या?"

सगुणाबाई गोंधळली. "दिसेन ना मी यात?"

"दिसशील गं. दिसणे म्हणजे फोटो नव्हे."

सावळारामाने नख बटणावरून काढले. त्याला लाज वाटली. आठ दिवस तो त्या लेन्सने फोटो काढत होता आणि त्याला आवडतही होते.

लेन्स मंडळ रोज दुपारी ओढ्याकाठच्या कातळावर बसे. मंडळात बारा सभासद होते. लेन्स अठ्ठावीस होत्या. माकडांनी पर्यटकांकडून ओढून आणलेल्या. कॅमेरा जड असतो, म्हणून माकडे तो ओढ्यात टाकत. लेन्स चकाकते, म्हणून ठेवत. मंडळाकडे कॅमेरा एकही नव्हता.

"मग तुम्ही फोटो कशाने काढता?" सावळारामाने पहिल्याच दिवशी विचारले.

बाराही सभासद आपापल्या लेन्स पुसू लागले.

"फोटो कोणीही काढतो," घुबडगुरुजी म्हणाले. ते दुपारी डोळे मिटूनच बोलत. "आधी समजून घ्यावे लागते."

मंडळाने सावळारामाला पुढच्या रांगेत बसवले. तेव्हापासून त्याला सावळारामजी म्हणू लागले. अस्वलाला आजवर कोणी जी म्हटले नव्हते. मध काढताना माश्या काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

मंडळाचा एक नियम होता. नवीन लेन्स सजीवावर लावायची नाही. आधी वारुळावर लावून बघायची. वारूळ हलत नाही, लाजत नाही, तक्रार करत नाही. वारुळाचा फोटो काढायचा. मग तो मोठा करायचा. मग कोपऱ्यात बघायचे. कोपऱ्यातला मातीचा कण न् कण वेगळा दिसला, तर लेन्स चांगली. नाहीतर पुढची.

"मधल्या भागात काय आहे ते नाही बघायचे?" सावळारामाने विचारले.

"मधला भाग सगळ्यांचाच चांगला येतो," अक्का म्हणाली. "माणूस कोपऱ्यात कळतो."

ती घार होती. माणसाबद्दल तिला काय ठाऊक. पण सगळ्यांनी माना हलवल्या.

सावळारामाने माळाच्या कडेचे ते वारूळ निवडले. अस्वलाने वारूळ बघितले की फोडावे आणि वाळवी खावी, असा आजवरचा रिवाज. सावळारामाने त्याला नख लावले नाही. त्याची बायको कृष्णाबाई डबा घेऊन आली. डब्यात उंबरे होती.

"अहो, समोर एवढं ताट वाढलंय आणि तुम्ही त्याचे फोटो काय काढताय?"

"तू कोपरे बघ," सावळाराम म्हणाला.

"मी कोपऱ्यात काय बघू? मधे वाळवी आहे."

तिला मंडळात कोणी घेतले नसते.

पहिली लेन्स अक्काची. ती सावळारामाच्या हाताएवढी लांब होती. घार आभाळातून उंदीर बघते. तिला वाटते सगळ्यांनी तसेच बघावे. सावळारामाने ती लावली, तर दहा पावलांवरून वारुळाचे एक भोक तेवढे दिसले. तो मागे सरकला. अजून मागे सरकला. सरकत सरकत शेजारच्या राज्यात गेला. तिथल्या पहाऱ्यावरच्या रानडुकराने त्याला हटकले.

"कोण रे तू? काय काम आहे?"

"लांबून फोटो काढतोय."

"कोणाचा?"

"वारुळाचा."

"मग जवळ जा की, शहाण्या!"

"जवळ गेले तर ही लेन्स कशाला?" सावळाराम म्हणाला. डुकराने त्याला जागा करून दिली. लांबून काढलेल्या फोटोत ऊन थरथरत होते आणि वारूळ उकळत्या आमटीसारखे दिसत होते.

या सगळ्यात पंधरा दिवस गेले. सगुणाबाईने गवतात अंडे घातले.

"दादा, अंड्यासकट काढा ना. राहते आहे हे एकदम पटेल."

"दोन दिवस थांबा, वहिनी. लेन्स ठरतेच आहे."

दुसरी लेन्स मथुताई चिचुंद्रीची. चिचुंद्रीला चार बोटांपलीकडचे दिसत नाही. म्हणून तिची लेन्स चार बोटांवरून बघायची. सावळाराम वारुळाला नाक लावून झोपला. त्याने वाळवीच्या एका पायाचा फोटो काढला. फोटो उत्तम होता. पायावरची लव दिसत होती. मंडळाने तासभर टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न आला, की माळढोकाचा फोटो या लेन्सने काढायला किती वेळ लागेल. मथुताईने बोटे मोजली.

"एक एक पीस घेतले तर पुढच्या दिवाळीपर्यंत होईल. पण काम पक्के होईल."

तिसरी लेन्स घुबडगुरुजींची. मोठ्या तोंडाची, जड. ती अंधारात दिवसासारखे दाखवत असे. दिवसा मात्र सगळे इतके पांढरे होई की वारूळ दह्याचे वाटे.

"गुरुजी, सगुणाबाई दिवसा उभ्या राहतात."

"मग तिला सांग अंधारात उभी राहायला," गुरुजी डोळे मिटून म्हणाले.

भाद्रपद आला. अंडे फुटले. पिल्लू बाहेर आले. मातकट, ठिपक्यांचे, लांब पायांचे. दोन दिवसांत ते आईमागे पळू लागले. उडायला त्याला अजून पुष्कळ दिवस होते. माळढोकाचे पिल्लू सावकाश मोठे होते. सगुणाबाईला घाई झाली, ती यासाठी. एकटी असती तर ती उडून गेली असती.

"दादा, दसऱ्याला तीन आठवडे राहिले."

"वहिनी, तुमच्याच भल्यासाठी चालले आहे. वाईट लेन्सने काढला आणि दरबारात हसे झाले, तर?"

"हसू देत. माळ तर राहील."

सावळारामाला हे बोलणे आवडले नाही. हसणार होते ते त्याला. तिला नव्हे.

लेन्स बदलत होत्या. एक लेन्स इतकी रुंद बघत असे की फोटोत सावळारामाचे स्वतःचे पाय येत. एक लेन्स मधोमध उत्तम होती, पण डाव्या कोपऱ्यात मऊ होती, म्हणजे तिथले कण पुसट येत. एकीचा उजवा कोपरा मऊ होता. मंडळात यावरून दोन तट पडले. डावेवाले आणि उजवेवाले एकमेकांच्या घरी पाणी पिईनात.

दसऱ्याच्या चार दिवस आधी एक गोष्ट घडली. नीट ऐका.

सावळारामाने सगळ्या लेन्स लावून बघितल्या होत्या. फक्त कॅमेऱ्याबरोबर आलेली ती लहान लेन्स वारुळासमोर कधी लावली नव्हती. तुलना पुरी व्हावी म्हणून त्याने ती लावली. स्टँडवर कॅमेरा ठेवला. सकाळची वेळ होती. बटण दाबले, त्याच क्षणी गवतातून पिल्लू पळत आले. मागून सगुणाबाई आली. मान उंच, एक पाय उचललेला, पंख पिल्लावर धरलेला.

फोटो निघाला.

सावळारामाने तो बघितला. मधोमध सगुणाबाई, पायाशी पिल्लू, मागे माळ. दोघांच्या डोळ्यांत ऊन चमकत होते. तो थोडा वेळ बघतच राहिला. त्याला काहीतरी झाले. काय झाले ते त्याला सांगता आले नसते.

मग त्याने फोटो मोठा केला आणि कोपऱ्यात गेला.

कोपऱ्यात वारूळ नव्हते. वारुळापुढे सगुणाबाईचे पंख आले होते.

"काय हे, वहिनी!" तो ओरडला. "मध्ये आलात! वारूळ झाकलं ना सगळं!"

"पिल्लू पळालं, दादा. चुकलं माझं."

"आता पुन्हा काढावा लागणार. जरा बाजूला व्हा. त्या तिकडे, फोटोच्या बाहेर. पिल्लालाही धरून ठेवा."

सगुणाबाईने पिल्लाला पंखाखाली घेतले आणि ती फोटोच्या बाहेर जाऊन उभी राहिली. सावळारामाने खराब फोटो पुसून टाकला. मंडळात असले फोटो चालत नसत. मग त्याने वारुळाचा पुन्हा फोटो काढला.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मंडळाची सभा झाली. एक लेन्स एकमताने ठरली. कोपरे चारही चांगले. डावेवाले आणि उजवेवाले गळ्यात पडले. अक्काच्या डोळ्यांत पाणी आले.

"आता उद्या पहाटे सगुणाबाईंना उभे करतो," सावळाराम म्हणाला.

"उद्या दरबार सूर्योदयालाच आहे," मथुताई म्हणाली.

कोणीतरी हे आधी सांगायला हवे होते. पण अजेंड्यावर तो विषय नव्हता.

दरबार भरला. सिंह बसला. तरस उभा राहिला. झाडांवर मंडळाचे बारा सभासद दाटीवाटीने बसले. सगुणाबाई पिल्लाला घेऊन समोर आली.

"फोटो?" राजाने विचारले.

सावळारामाने कॅमेरा पुढे केला. त्यात माळाचे चारशे बारा फोटो होते. माळाचे म्हणजे वारुळाचे. शेवटचा, ठरलेल्या लेन्सने काढलेला, त्याने राजाला दाखवला.

राजा वाकला. त्याने असा फोटो आयुष्यात बघितला नव्हता. मातीचा कण न् कण दिसत होता. मागच्या गवताची पाती मोजता येत होती.

"वा! काय स्वच्छ आहे!"

"महाराज," तरस गोड आवाजात म्हणाला, "यात पक्षी कुठे दिसतो का?"

राजाने बघितले. "नाही."

"पाती मोजता येतात, आणि एवढा मोठा पक्षी दिसत नाही. म्हणजे पक्षी नाही."

"मी बाजूला उभी होते!" सगुणाबाई म्हणाली. "यांनीच मला बाजूला केलं. सांगा ना, दादा!"

सावळारामाने मान खाली घातली. "हो, महाराज. त्या तिथे राहतात. मी रोज बघतो."

"कशाने बघतोस?" तरसाने विचारले.

"डोळ्यांनी."

"अस्वलाच्या डोळ्यांनी!" तरस हसला. दरबारही हसला. अस्वलाला लांबचे दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. सावळारामाचे कान गरम झाले.

राजाला मात्र सगुणाबाईची दया आली. पिल्लू तिच्या पायांमधून डोके काढून बघत होते. राजा खाकरला.

"एक वाट आहे. फोटो धूसर असेल, तर तो पुरावा धरता येत नाही. मग वर्षभर मुदत देता येते. सावळाराम, तूच सांग. तुझा फोटो धूसर आहे का? तू हो म्हणालास की पुरे. मी पुन्हा बघणार नाही."

मुलांनो, राजा यापेक्षा जास्त काही करू शकत नाही.

सगुणाबाई सावळारामाजवळ सरकली. हळू आवाजात म्हणाली, "दादा, हो म्हणा. एक शब्द. वर्षात पिल्लू उडायला लागेल."

सावळारामाने तिच्याकडे बघितले. पिल्लाकडे बघितले. त्याचे तोंड उघडले.

तेवढ्यात झाडावरून अक्काने विचारले, "धूसर?" एवढेच. तिच्या शेजारी मथुताई पुढे वाकली. घुबडगुरुजींनी दिवसाउजेडी दोन्ही डोळे उघडले.

सावळाराम ताठ उभा राहिला.

"धूसर?" तो म्हणाला. "हा फोटो? महाराज, कोपरे बघा!"

झाडांवर टाळ्यांचा कडकडाट झाला.

राजाने कोपरे बघितले. काय करणार. कोपरे चोख होते. त्याने तरसाला मान हलवून खूण केली.

 सगुणाबाई पिल्लाला घेऊन निघाली. पिल्लाला उडता येत नव्हते, म्हणून दोघे चालत गेली. माळ ओलांडून, ओढा ओलांडून, शेजारच्या राज्याकडे. सावळाराम बघत होता. थोड्याच वेळात त्याला दिसेनाशी झाली. मी आधी सांगितलेच, अस्वलाला लांबचे दिसत नाही. मंडळाने तिथेच त्याचा सत्कार सुरू केला होता आणि त्याच्या गळ्यात अक्काची ती हातभर लांब लेन्स घातली होती. ती लावली असती तर अजून बराच वेळ दिसली असती. तो सत्कारात होता.

पुढच्या सोमवारी माळ खणायला घेतला. तरसाचे मजूर वारुळापाशी आले, तेव्हा लेन्स मंडळाने कडाडून विरोध केला. वारूळ गेले तर नवीन लेन्स कशावर बघायची? मंडळाने राजाकडे अर्ज केला. अर्जासोबत पुरावा जोडला. चारशे बारा फोटो.

एवढा पुरावा राज्यात आजवर कोणी दिला नव्हता. राजाने वारूळ कायमचे राखीव केले.

आज तिथे चारही बाजूंनी खोल खाण आहे. मधोमध मुरुमाचा एक खांब उभा ठेवला आहे. खांबावर वारूळ आहे. मंडळाचे उपाध्यक्ष सावळारामजी रोज सकाळी खाणीच्या काठावर स्टँड लावतात. नवशिके लांबून त्यांना विचारायला येतात, की सुरुवातीला कोणती लेन्स घ्यावी. ते सगळ्यांना वेळ देतात.

तात्पर्य: फोटो काढणाऱ्याच्या हातून चूक होते. लेन्स निवडणाऱ्याच्या हातून कधीच होत नाही. तेव्हा निवडत राहा. आणि ज्याला या जगात जागा टिकवायची असेल, त्याने पंख, पिल्लू असल्या हलणाऱ्या गोष्टींच्या नादी लागू नये. वारूळ व्हावे.

उठा आता.